विज्ञान प्रदर्शनाला पाच आठवडे उरले असताना: विषय, प्रयोग आणि मांडणी

गोव्यातल्या चोडण बेटावरून एका आईने विचारलंय: मुलगी आठवीत आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यावर शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, म्हणजे हातात साधारण पाच आठवडे. गेल्या वर्षी ज्याला बक्षीस मिळालं तो ज्वालामुखी बाजारातून तयार आणलेला होता, असं मुलं म्हणतात. आपणही तयार मॉडेल घ्यावं का? घरी करायचं तर विषय कोणता, आणि खर्च किती येईल?

ताई, तयार मॉडेल घेऊ नका. परीक्षक एका टेबलापाशी तीन-चार मिनिटं थांबतो. त्यातला थोडा वेळ तो मॉडेल बघतो आणि उरलेला वेळ मुलीशी बोलतो. हे असंच का केलंस? दुसरं काय करून बघितलंस? हा आकडा कुठून आला? विकतच्या मॉडेलमधला एकही निर्णय मुलीने घेतलेला नसतो, त्यामुळे या प्रश्नांवर ती अडखळते. एखाद्या वर्षी असं मॉडेल बक्षीस घेऊन जातंही, पण मुलीच्या हाती त्यातून काही लागत नाही.

तुम्ही विषय आणि खर्च विचारलात, पण माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. मुलीकडे अजून तिचा स्वतःचा, मोजता येण्यासारखा प्रश्न नाही. तो सापडला की सामान, मांडणी, खर्च हे सगळं त्याच्या मागून येतं. प्रश्न नसताना मॉडेलपासून सुरुवात केली, तर शेवटच्या आठवड्यात थर्माकोल रंगवणं एवढंच काम उरतं.

त्याआधी एक गोष्ट आजच करा. शाळेकडून परिपत्रक मागून घ्या आणि स्वतः वाचा. प्रदर्शन कोणत्या प्रकारचं आहे यावर बरंच अवलंबून असतं. एनसीईआरटीच्या धर्तीवरच्या प्रदर्शनात मुख्य विषय आणि उपविषय ठरवून दिलेले असतात आणि चालतं मॉडेल मागतात. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेला परिसरातल्या प्रश्नाचा अभ्यास हवा असतो, मॉडेल गौण. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर अवॉर्ड मानक' योजनेसाठी शाळा मुलांच्या मूळ कल्पना ऑनलाइन पाठवते, आणि निवड झालेल्या मुलाला ती कल्पना प्रत्यक्षात उतरवायला १०,००० रुपये मिळतात. तिथे 'अभ्यास केला' एवढ्यावर भागत नाही, काहीतरी नवं करून दाखवावं लागतं. केवळ शाळेपुरतं प्रदर्शन असेल तर बहुधा मोकळीक असते. टेबल केवढं मिळणार, वीज मिळणार का, गटात किती मुलं चालतात आणि द्रव पदार्थ ठेवायला परवानगी आहे का, एवढं शिक्षकांना विचारून ठेवा. पाण्याची टाकी घेऊन गेल्यावर 'सभागृहात पाणी चालणार नाही' हे ऐकायला लागू नये.

आता विषय. मी मुलांना एक वाक्य लिहायला लावते: 'अमुक बदललं, तर तमुक किती बदलतं?' दोन्ही रिकाम्या जागा भरता आल्या पाहिजेत आणि दुसऱ्या जागेत जे येईल ते पट्टीने, वजनकाट्याने, घड्याळाने किंवा मोजून सांगता आलं पाहिजे. 'प्रदूषण' हा प्रश्न नाही. 'सौर ऊर्जेचे फायदे' हा निबंध झाला. 'पाण्यात मीठ वाढलं तर भाताचं बी किती उगवतं?' हा प्रश्न. त्याचं उत्तर दहा दिवसांत मिळतं का आणि तोच प्रयोग निदान तीनदा करता येतो का, हेही पाहायचं. ज्वालामुखीलासुद्धा माझी हरकत एवढीच आहे की सोडा आणि व्हिनेगर फसफसताना कुणी काही मोजत नाही.

आपल्याकडे असे प्रश्न दाराशी पडलेले असतात. जांभ्या दगडाचा चिरा किती पाणी पितो? वेगवेगळ्या खाणींतल्या चिऱ्यांचे मूठभर आकाराचे तुकडे घ्या, वजन बदलायचं थांबेपर्यंत वाळवा, वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, ओल्या फडक्याने वरचं पाणी टिपा, पुन्हा वजन करा. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. पावसाळ्यात भिंतींना ओल का येते याचा निदान एक धागा हाती लागतो. भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, रंगावर काम करायचं तर आमसुलांचं पाणी आम्लात लाल-गुलाबी राहतं आणि सोड्याने निळसर-हिरवट होतं. मात्र आगळ (कोकमाचा खारवलेला रस) मुळातच कडक आंबट असतं. ते दाट घेतलं तर चमचाभर सोडा घालूनही रंग हलत नाही आणि प्रयोग फसल्यासारखा वाटतो. पाण्यात अगदी फिकं करून घ्या आणि रोज ताजं करा, कारण रंग टिकत नाही.

पण तुम्ही चोडणला राहता, घराबाहेर खाजन शेती आहे. मी तुमच्या जागी असते तर तोच विषय घेतला असता. नदीचं खारं पाणी बांधाने अडवलेलं, बांधात पाण्याच्या ये-जाईसाठी ठेवलेली मानस आणि तिच्या भरती-ओहोटीबरोबर आपोआप मिटणाऱ्या-उघडणाऱ्या फळ्या, पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन गेल्यावर पेरलं जाणारं कोरगुट भात. शहरातल्या मुलाला पुस्तकात वाचावं लागतं ते तुमच्या मुलीला बघून ठाऊक आहे. प्रश्न असा: 'पाण्यातलं मीठ वाढत गेलं, तर कोरगुट आणि ज्योती या भाताच्या दोन जातींची उगवण आणि कोंबाची वाढ किती कमी होते?' ज्योती नसेल तर जया घ्या, दोन्ही आपल्याकडे पिकतात.

हा प्रयोग दिसतो सोपा, पण त्याला पाच-सहा ठिकाणी खड्डे आहेत. ते नीट सांगते.

पहिला खड्डा बियाण्याचा. आता कापणीचे दिवस. शेजारी आनंदाने नवं भात देईल, पण नुकतं कापलेलं भात बऱ्याचदा सुप्तावस्थेत असतं, साध्या पाण्यातही उगवत नाही. मग मुलगी समजते मिठामुळे उगवलं नाही. उलट वर्षभर दमट कोठारात राहिलेल्या भाताची उगवणशक्ती कमी झालेली असू शकते. म्हणून प्रयोगाआधी प्रत्येक जातीचे ५० दाणे साध्या पाण्यात, ओल्या कापडात ठेवून बघा. सात दिवसांत ४० किंवा अधिक उगवले तर ते बियाणं घ्या, नाहीतर दुसऱ्या घरातून आणा. ज्योतीचं वायंगणी, म्हणजे हिवाळ्यात लावून उन्हाळ्यात कापलेल्या, पिकाचं बी मिळालं तर उत्तम, ते आतापर्यंत पुरेसं मुरलेलं असतं. गावात नाहीच मिळालं तर विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवेच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारा. प्रयोगाच्या एका फेरीला दोन्ही जाती मिळून साडेसातशे दाणे लागतात, म्हणजे जेमतेम एक मूठ. भात टरफलासकट हवं. कांडलेला तांदूळ उगवत नाही, हे मुलांना खरंच सांगावं लागतं.

दुसरा खड्डा मिठाच्या वजनाचा. पाच पाणी करायची: लिटरला ०, ३, ६, ९ आणि १२ ग्रॅम मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्या मानाने हे मचूळ पाणी झालं. घरचा काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो. त्याच्यावर ३ ग्रॅम मोजलं तर अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे जवळजवळ सतरा टक्के. म्हणून प्रत्येक पाण्यासाठी वेगळं मीठ मोजू नका. १२ ग्रॅम एकदाच मोजा, अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा, मग बरोबर एक लिटर होईपर्यंत पाणी घाला. चूक चार टक्क्यांवर आली. आता या पाण्यातून २५ मिली घेऊन ७५ मिली साधं पाणी घातलं की ३ ग्रॅमचं पाणी तयार. ५० आणि ५० म्हणजे ६, ७५ आणि २५ म्हणजे ९. औषधाची सुई नसलेली सिरिंज मोजायला पुरते. मिठागरातलं जाडं मीठ वापरायचं असेल तर आधी तव्यावर गरम करून कोरडं करा, कारण त्यात ओल असते आणि ती मिठाच्या वजनात धरली जाते. पिशवीतलं मीठ घेतलं तरी चालेल, फक्त शेवटपर्यंत तेच ठेवा.

पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारं टीडीएस पेन घ्यायचं असेल तर घ्या, पण बरीच स्वस्त पेनं ९,९९० पीपीएमपर्यंतच, म्हणजे लिटरला साधारण १० ग्रॅमपर्यंतच वाचतात. १२ ग्रॅमच्या पाण्यात ते अडकेल, समुद्राच्या पाण्यात तर नक्कीच. दहा पट पातळ करून मोजायचं आणि आकडा दहाने गुणायचा. पेन प्रत्यक्षात पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतं, तेव्हा तुमच्या वजनाशी आकडा तंतोतंत जुळणार नाही. मुलीला हे माहीत असलं की परीक्षकाने विचारल्यावर ती गोंधळत नाही.

मांडणी अशी: झाकणाचे पारदर्शक छोटे डबे, हॉटेलातून चटणी येते तसे, ३० नग. दोन जाती, पाच पाणी, प्रत्येकी तीन डबे. तळाला पांढऱ्या सुती कापडाचे दोन थर. टिश्यू पेपर फाटतो आणि मुळं त्यात अडकून तुटतात. प्रत्येक डब्यात २५ दाणे, पाच-पाचच्या ओळीत. पाणी १० मिली. दाण्यांवर पाणी चढता कामा नये, बुडालेलं बी हवेअभावी उशिरा उगवतं. नाव आणि नंबर डब्याच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. दोन झाकणांची अदलाबदल झाली की सगळा प्रयोग वाया.

बुरशी हमखास येते, आपल्या हवेत तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. आधी दाणे साध्या पाण्यात टाकून तरंगणारे काढून टाका. मग घरातल्या ब्लीचच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग अशा मिश्रणात दहा मिनिटं ठेवा आणि स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुवा. हे काम तुम्ही करा, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही साफसफाईचं द्रव मिसळू देऊ नका. कापड उकळून घ्या.

तिसरा खड्डा सर्वांत फसवा. डब्यातलं पाणी आटतं, मीठ मात्र तिथेच राहतं. चार दिवसांत ६ ग्रॅमचं पाणी ८ ग्रॅमचं होऊन बसतं. वाळलेलं दिसलं म्हणून मुलं त्यात पुन्हा खारं पाणी ओततात, मग खारेपणा आणखी चढतो. उपाय सोपा आहे: पहिल्या दिवशी प्रत्येक डब्याचं वजन करून लिहून ठेवायचं, आणि वजन जेवढं घटेल तेवढंच साधं पाणी घालायचं. एका ग्रॅमला एक मिली. परीक्षकासमोर मुलीने हे कारणासकट सांगितलं, तर प्रयोग तिनेच केलाय याबद्दल शंका राहत नाही.

डबे रोज जागा बदलून ठेवा. खिडकीकडचे उबदार, भिंतीकडचे थंड, असा फरक मिठाच्या नावावर जमा व्हायला नको. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या आणि भात यांचं नातं तुम्हाला ठाऊकच आहे. उंदरांपासून जपायला वर जाळी.

मोजणी रोज एकाच वेळी, एकाच व्यक्तीने. 'उगवलं' कशाला म्हणायचं ते आधी ठरवून वहीत लिहायचं: पांढरं मूळ २ मिलिमीटर बाहेर दिसलं की उगवलं. न ठरवता सुरुवात केली तर तिसऱ्या दिवशी एक नियम आणि सहाव्या दिवशी दुसरा होतो. उगवण सात दिवस मोजा आणि दहाव्या दिवशी कोंबाची उंची मिलिमीटरमध्ये घ्या. सगळ्या दाण्यांची नको, फक्त मधल्या ओळीतल्या पाचांची. उंच-उंच निवडून मोजायचा मोह होतो, म्हणून ओळ आधीच ठरवायची. त्या ओळीतला दाणा उगवला नसेल तर 'उगवला नाही' असं लिहा. शून्य धरून सरासरीत मिसळू नका, कारण उगवण आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उंचीवर माझा भर असण्याला कारण आहे. भाताचं बी उगवताना मीठ बऱ्यापैकी सोसतं. खरं हाल होतात ते कोवळ्या रोपाचे, आणि पुढे फुलोऱ्याच्या वेळी. त्यामुळे उगवणीच्या टक्केवारीत कोरगुट आणि ज्योती जवळजवळ सारखे दिसू शकतात. मुलीने फक्त उगवण मोजली तर 'काहीच फरक नाही' म्हणून ती नाराज होईल. कोंबाच्या उंचीत फरक दिसण्याची शक्यता जास्त आहे. आणि नाहीच दिसला तरी आकडे बदलायचे नाहीत. 'दहा दिवसांत, १२ ग्रॅमपर्यंत, आम्हाला या दोन जातींत फरक सापडला नाही' हा प्रामाणिक निष्कर्ष आहे, आणि समोरचा जाणकार त्याची कदर करतो.

आकडे वाचताना एक भान हवं. २५ दाण्यांच्या डब्यात एक दाणा म्हणजे चार टक्के. एका डब्यात ८८ आणि दुसऱ्यात ९२ आले तर तो फरक केवळ एका दाण्याचा आहे, त्यावर काही ठरवता येत नाही. तीन डबे एवढ्यासाठीच घेतले. तक्त्यात तिन्ही आकडे वेगवेगळे द्या, मग सरासरी. आलेखात सरासरीचा ठिपका आणि त्यावर सर्वांत कमी ते सर्वांत जास्त अशी उभी रेघ. दोन जातींच्या रेघा एकमेकींवर येत असतील तर फरक आहे असं छातीठोकपणे म्हणू नका.

कुणीतरी सुचवेल की मीठ विरघळवण्यापेक्षा सरळ खाडीचं पाणी आणा. प्रयोगासाठी नको. मांडवीचं पाणी पावसात वरवर जवळजवळ गोडं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये चांगलंच खारं. एकाच दिवशी भरतीला आणि ओहोटीलाही आकडा वेगळा येतो. शिवाय गाळ आणि शेवाळं. तुलनेसाठी नमुना घ्यायचा असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघून दर वेळी भरतीच्या त्याच टप्प्याला घ्या. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. बांधावर उभं राहून दोरी बांधलेल्या बादलीने पाणी काढायचं. मानशीच्या तोंडाशी मुलांना उतरू देऊ नका, तिथली ओढ वरून दिसते त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. कुंभारजुवे कालव्यात तर मगरी आहेत, तिकडे पाण्याच्या कडेलाही नको.

परिपत्रकात चालतं मॉडेल सक्तीचं असेल तर मानशीचं दार करा, पण तेही मोजण्यासाठी. काचेची माशांची टाकी, साधारण ४५ बाय २२ सेंटिमीटर तळाची. स्वस्तातला प्लॅस्टिकचा डबा घेऊ नका, त्यातल्या बहुतेकांना सिलिकॉन नीट चिकटत नाही आणि आदल्या रात्री गळती सुरू होते. मध्ये ५ मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकची आडवी भिंत, तिच्यात खालच्या बाजूला ६ बाय ६ सेंटिमीटरचं भोक. भिंत सिलिकॉनने चिकटवून ४८ तास हात लावायचा नाही. भोकाच्या कडेने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, आणि नदीच्या बाजूने ८ बाय ८ सेंटिमीटरचं ३ मिलिमीटर ॲक्रिलिकचं दार, वरून टांगलेलं. बिजागरी लोखंडी नको, खाऱ्या पाण्यात गंजून अडते. नायलॉनच्या दोऱ्याचे दोन सैल फास पुरतात.

इथे बहुतेकांची चूक होते ती दाराच्या सामानात. खऱ्या मानशीच्या फळ्या लाकडी असतात म्हणून मुलं प्लायवूड वापरतात. कोरडं प्लायवूड तरंगतं, दार वर उचललं जातं आणि मिटतच नाही. ॲक्रिलिक पाण्यापेक्षा किंचित जड असतं, पण तेवढंच. खालच्या कडेला स्टीलचे दोन नट लावले की दार नीट लोंबतं. मग नदीच्या बाजूला मगाने पाणी वाढवत न्यायचं: भरती. नळीने काढून घ्यायचं: ओहोटी. भोक दोन्हीकडून पाण्याखाली असताना नदीची पातळी शेताच्या पातळीपेक्षा ५ सेंटिमीटरने वर असेल, तर दारावरचा जोर ५ गुणिले ३६, म्हणजे १८० घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनाइतका. जवळजवळ १८० ग्रॅम. हा हिशेब आठवीच्या मुलीला नीट समजतो. मोजायचं काय, तर गळती. शेताच्या बाजूचा तळ २२ बाय २० धरला तर पातळी १ मिलिमीटर वाढली म्हणजे ४४ मिली पाणी आत आलं. पातळीतला फरक २, ४, ६ सेंटिमीटर ठेवून दर पाच मिनिटांची गळती काढा, आणि रबराची पट्टी असताना व नसताना तुलना करा.

दोन्ही करायचा हट्ट मात्र नको. पाच आठवड्यांत एक प्रयोग दोनदा नीट होतो, दोन प्रयोग अर्धवट होतात. मॉडेलची सक्ती नसेल तर बियाणंच घ्या. मानस चित्रात दाखवता येते.

वेळेचं गणित सांगते. पहिला आठवडा परिपत्रक, बियाण्याची परीक्षा आणि सामान. आठव्या दिवशी पहिली फेरी लावा, सतराव्या-अठराव्या दिवशी ती संपेल. लगेच दुसरी लावायची. पहिल्या फेरीत काही ना काही चुकतंच: एक डबा सांडतो, एका पाण्याचं लेबल पुसलं जातं. दुसरी फेरी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास संपली की मांडणीला आठवडा उरतो. दिवाळीच्या आदल्या रात्री मुलगी वाड्यावरच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या तयारीत असणार. तिला अडवू नका. रोजची मोजणी अर्ध्या तासाची आहे, ती सकाळी करून मोकळी होऊ द्या. नोंदवही तिच्या अक्षरात, तारखांसह, खाडाखोडीसकट ठेवा. सुवाच्य करून पुन्हा लिहिलेली वही परीक्षकाला लगेच ओळखू येते.

फलकावर शब्द कमी. शीर्षक दोन मीटरवरून वाचता यावं, म्हणजे अक्षर तीन सेंटिमीटरच्या आसपास. मधोमध आलेख, डावीकडे प्रश्न आणि पद्धत, उजवीकडे निष्कर्ष आणि मर्यादा. 'मर्यादा' हा भाग बहुतेक फलकांवर नसतोच, तुमच्या असू द्या: दोनच जाती, दहाच दिवस, मातीऐवजी कापड. चकचकीत लॅमिनेशन सभागृहातल्या दिव्याखाली चमकतं आणि आलेख दिसत नाही. साधा कागद जाड पुठ्ठ्यावर चारी कडांनी पूर्ण चिकटवा, नुसती कोपऱ्यांना टेप लावली तर दमट हवेत कागद फुगतो. दोन्ही फेऱ्यांचे फोटो छापून न्या, कारण जिवंत रोपं त्या दिवशी कोमेजलेली असू शकतात. दाखवायला म्हणून प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी ०, ६ आणि १२ ग्रॅमचे जास्तीचे डबे लावून ठेवा.

बोलण्याच्या तयारीबद्दल आपल्याकडची एक अडचण आहे. बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात, पाचवीपासून बहुतेक शाळांत इंग्रजी. फलक इंग्रजीत, घरातली भाषा दुसरी. मग मुलं इंग्रजी वाक्यं पाठ करतात आणि मध्येच थांबवलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. आधी तिला आजीला घरच्या भाषेत सगळं समजावू द्या. आजीने 'मग मीठ वाढलं म्हणून काय झालं?' असं विचारलं आणि तिने उत्तर दिलं, की विषय तिचा झाला. त्यानंतर तेच इंग्रजीत, दोन मिनिटांत. पाठांतर फक्त पहिल्या वाक्याचं. प्रश्नांचा सराव असा घ्या: २५ दाणेच का? साधं पाणी कशासाठी ठेवलंस? तुझ्याशिवाय कुणी काय मदत केली? पुन्हा केलंस तर काय बदलशील? मदतीच्या प्रश्नावर 'ब्लीचचं काम आईने केलं' हे सरळ सांगायला शिकवा. गरम, धारदार, झोंबणारं काम मोठ्यांनी करायचं. ठरवणं, मोजणं आणि लिहिणं तिनेच.

खर्चाचं म्हणाल तर बियाणं गावातलं, कापड घरातलं. डबे, सिरिंज, ब्लीच, पुठ्ठा आणि छपाई धरून काही शे रुपयांत भागतं. टीडीएस पेन घेतलं तर आणखी थोडे. मानशीचं मॉडेल केलं तर खरा खर्च टाकीचा, ती कुणाकडे पडून असेल तर मागून घ्या. फेरीबोटीने नेताना टाकी रिकामी न्या. १५ सेंटिमीटर भरली तरी पाणीच पंधरा किलोच्या आसपास होतं, आणि हिसक्याने सिलिकॉनचा जोड उकलतो. पाणी शाळेतच भरा. सोबत जुनं फडकं, बादली, जादा नायलॉन दोरा आणि एक जादा दार ठेवा, आणि परीक्षक यायच्या निदान तासभर आधी टाकी भरून गळती बघून घ्या.